झिरकपला कोणाची जहाजं?

बंदर बांधणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. तिथे येणार कोण, असं विचारणारी थोडी, आणि ती कुणालाच आवडत नाहीत. छाया टिपणीस त्या थोड्यांतली. दुबईच्या बर दुबई भागातल्या एका कन्सल्टन्सीत ती कित्येक वर्षं हेच काम करत होती. एखादं बंदर कागदावर असतानाच सांगायचं की इथे कुठली जहाजं येतील, त्यांत काय माल असेल आणि तो उतरल्यावर पुढे कुठे जाईल. ह्या कामात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमतही नव्हती.

ह्या वेळचं काम होतं पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावरच्या झिरकप नावाच्या खाडीचं. कोळ्यांची वस्ती, मागे उघडे डोंगर, आणि त्यांच्या मधोमध एक चिनी कंपनी भलंमोठं बंदर उभारत होती. त्यात पैसे घालावेत की नाही, असा प्रश्न युरोपातल्या एका पेन्शन फंडाला पडला होता. म्हणून त्यांनी दुबईच्या ह्या कन्सल्टन्सीला विचारलं की हे बंदर चालेल का?

छायाने नकाशे टेबलावर पसरले आणि दोन दिवस ती त्यांच्याकडे नुसती बघत बसली. बघता बघता तिचं डोकं तापायला लागलं. पाण्याची खोली अशी की जगातलं मोठ्यातलं मोठं जहाज आरामात धक्क्याला लागावं. पण धक्क्यावर क्रेनचे रूळ नाहीत. गोदामाला जागा नाही. मागे वाळवंटातून जाणारा एक अरुंद रस्ता, रेल्वे नाही, कारखाना नाही, मोठं शहर दिवसभराच्या अंतरावर. मग होतं तरी काय? जमिनीखाली इंधनाच्या टाक्या, एका शहराला पुरतील एवढ्या. दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप. उंच भिंत. आणि धक्क्यावर विजेची अशी जोडणी, की जी मालवाहू जहाज कधी मागतच नाही.

दुकान थाटायचं म्हणून गाळा घ्यावा, आणि त्यात ना कपाट, ना काउंटर, ना गिऱ्हाइकाला आत यायला पायरी. आहे ते फक्त जाड शटर आणि मागे पेट्रोलची पिंपं. अशा गाळ्याला दुकान म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. इथे मात्र चिनी कंपनीने चारशे पानं भरून त्याला दुकान म्हटलं होतं, वर रंगीत चित्रंही काढली होती. चित्रात धक्क्यावर कंटेनरच्या राशी होत्या आणि हसरी मुलं पतंग उडवत होती.

आणि जागा कुठली, तर होर्मुझच्या तोंडापासून जवळ. चीनचं निम्मंअर्धं तेल ज्या वाटेने जातं त्या वाटेवर. तिथे चिनी युद्धनौकांना तेल भरायला आणि दुरुस्त व्हायला हक्काचा आसरा मिळाला, तर ह्या सगळ्या समुद्रावर नजर राहते, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही राहते. हे ओळखायला काही गुप्तहेर लागत नाही, नकाशा वाचता आला तरी पुरतं. छायाने आपल्या मसुद्यात साधं वाक्य लिहिलं, की हे बंदर व्यापारासाठी बांधलेलं दिसत नाही.

सोमवारी मसुदा परत आला तेव्हा ते वाक्य गायब होतं. त्या जागी लिहिलं होतं, ‘दीर्घ मुदतीत व्यापारवाढीस मोठा वाव.’

ती तडक हिलरीच्या केबिनमध्ये गेली. हिलरी लोपीस कंपनीचा डायरेक्टर. मूळचा वसईचा, बोलायला गोड, कुणाला दुखवायचं नाही हा त्याचा बाणा. लोक त्याला सज्जन म्हणत, आणि तो होताही.

“हिलरी, माझं वाक्य कुठे गेलं?”

“बस ना, छाया. चहा घेणार?”

“वाक्य कुठे गेलं?”

“अगं, वाक्य छान होतं. पण खाली नाव कोणाचं? छाया टिपणीस. पासपोर्ट? इंडियन. आणि विषय काय, तर पाकिस्तानातलं चायनीज पोर्ट! क्लायंट पहिलं पान बघूनच म्हणेल, हबीबी, ही बाई दुसरं काय लिहिणार? आपली क्रेडिबिलिटी खलास.”

“मग मी आकडे पाकिस्तानी काढू का? खोली मीटरमध्ये दिलीय, हिलरी. मीटरला पासपोर्ट नसतो.”

“मला पटतं ग. पण जग तसं चालत नाही. मी एक मार्ग काढलाय. रिपोर्टवर कशफचं नाव टाकू. पाकिस्तानी नाव असलं की दोन्ही बाजूंनी प्रश्न मिटला.”

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कशफ पायाच्या बांधकामाची इंजिनियर होती, कामाला चोख. पण जहाजांच्या अंदाजाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. काम एकीने करायचं, नाव दुसरीचं लावायचं, आणि तेही काय, तर कुणाच्या खिशात कुठल्या रंगाचं पासपोर्टपुस्तक आहे ते बघून! आखातातल्या ऑफिसांतली ही जुनी रीत तिला माहीत नव्हती असं नाही. कोणत्या मीटिंगला लेबनीज पाठवायचा, कोणत्या पत्राखाली इंग्रज माणसाची सही हवी, हे सगळे जण न बोलता ठरवत असत. आजवर तिने ते पोटात घातलं होतं. पण आजवर त्या रीतीने खोट्याला खरं केलं नव्हतं, निदान तिच्या डोळ्यांसमोर तरी.

छाया आणि कशफ रोज एकाच गाडीने ये-जा करायच्या. दोघी शारजात, रोल्ला भागातल्या शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहायच्या. गाडी छायाची, पेट्रोल आळीपाळीने. पहिल्याच दिवशी दोघींनी हसत हसत ठरवलं होतं, की गाडीत क्रिकेट नको, काश्मीर नको, बातम्या नकोत. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी दुसऱ्याच गप्पांत गेल्या. मीना बाजारातलं कापड, शाळेची व्हॅन, आयांचे गुडघे, नवऱ्यांचं घोरणं. कशफच्या सासूला कुठलं पथ्य आहे ते छायाला पाठ होतं. कशफ कुठली, तर कराचीची, ह्यापलीकडे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नियम मोडला असता.

त्या संध्याकाळी तिने तो मोडला.

“तेरा नाम डाल रहे हैं रिपोर्ट पे. मालूम है?”

“मालूम है,” कशफ म्हणाली. “हिलरी ने सुबह बताया.”

“और तूने हाँ बोल दिया?”

“उसने पूछा थोड़ी था. उसने बताया.”

“हाँ, तो तू क्यों मना करेगी! तुम लोगों का तो जिगरी दोस्त है चायना. जो बनाएगा, अच्छा ही बनाएगा!”

बोलून झाल्यावर छायाला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेले होते. गाड्या इंच इंच पुढे सरकत होत्या. कशफने खिडकीकडे तोंड वळवलं.

“मैं कराची की नहीं हूँ, छाया,” ती म्हणाली. “कराची में पढ़ी हूँ बस. मेरा घर झिरकप में है.”

छायाचा पाय ब्रेकवर जोरात पडला. मागच्याने हॉर्न मारला.

मग कशफ बोलत गेली, तुटक तुटक, जणू इतकी वर्षं आत कोंबून ठेवलेलं सामान एकेक करून बाहेर काढत होती. वडिलांची मासेमारीची होडी होती. आता ती तिचा धाकटा भाऊ गनी चालवतो. चालवतो म्हणजे काय, तर परवानगी असेल तेव्हा चालवतो. किनाऱ्याला कुंपण पडलंय. समुद्रावर जायचं तर गळ्यात पास लागतो. ज्या पुळणीवर तिची आजी मासे सुकवायची तिथे आता पहारा असतो. बंदर आलं की नोकऱ्या येतील, शाळा येईल, पाणी येईल, असं सांगितलं होतं. पाणी आलं, भिंतीच्या आतल्यांसाठी.

“और सुन,” कशफचा आवाज आणखी खाली गेला. “पिछली सर्दियों में दो बार सब नावें किनारे पे रोक दीं. बोले, मौसम ख़राब है. आसमान बिलकुल साफ़ था. गनी ने छत से देखा. लंबा, सलेटी जहाज़. ना नाम, ना माल. तेल भरा और चला गया.”

म्हणजे नकाशावर छायाला जे दिसलं होतं, ते कशफच्या भावाने आपल्या घराच्या छपरावरून पाहिलं होतं. छायाला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी दुप्पट संताप आला. आपल्याच समुद्रावर जायला परक्याचा पास! आणि वर त्या कागदांवर पतंग उडवणारी मुलं!

“तो तू बोल ना मीटिंग में! तेरी बात तो मानेंगे.”

“मैं?” कशफने तिच्याकडे असं पाहिलं, की काय वेडी आहेस का. “तू बोलेगी तो लोग हँसेंगे, बस. मैं बोलूँगी तो गनी को उठा लेंगे. ये बात गाड़ी से बाहर नहीं जाएगी, छाया.”

“नहीं जाएगी,” छाया म्हणाली. तेव्हा ते तिने मनापासून म्हटलं होतं.

घरी आल्यावर तिने कुकरचं झाकण असं आदळलं, की आतल्या खोलीतून तिची मुलगी ईशानी ओरडली, “Aai, what did the cooker do to you?” तिच्या डोळ्यांसमोरून ते राखाडी जहाज हलत नव्हतं.

गुरुवारी ऑफिसात मसुद्यावर शेवटची चर्चा होती. कशफ साइटच्या कामासाठी खलिफा सिटीला गेली होती. हिलरीने छायाचे मुद्दे एकेक करून, अगदी मायेने, निकालात काढले.

“पाणी खोल असणं हा गुन्हा आहे का? उद्या मोठी जहाजं आली तर? आणि नेव्हीच्या जहाजांचं म्हणशील, तर इथे दुबईत अमेरिकन जहाजं नाही येत?”

“येतात. आणि सगळ्यांना दिसतात. युरोपातल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला कोणी सांगत नाही की हे धान्याचं बंदर आहे! लष्करी तळ बांधायचा तर बांधा, छातीठोकपणे सांगा आणि स्वतःच्या पैशाने बांधा. व्यापाराचा बुरखा कशाला? त्या कोळ्यांना रोजगाराच्या थापा कशाला?”

“छाया, हे तुझं अनुमान झालं,” हिलरी हसून म्हणाला. “इंडियन अनुमान.”

टेबलाभोवतीचे दोघेतिघे हसले. आणि छायाचा तोल गेला.

“अनुमान नाही! बघितलंय तिथल्या माणसाने. होड्या किनाऱ्यावर रोखून धरल्या आणि बिननावाचं राखाडी जहाज तेल भरून गेलं, दोनदा. कोणी बघितलं विचारा ना. कशफच्या सख्ख्या भावाने!”

सगळ्यांचं हसू मावळलं. वाद जिंकल्याचा आनंद छायाला जेमतेम एक श्वासभर मिळाला. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

“हिलरी, हे इथेच राहू दे. प्लीज. ह्या खोलीबाहेर जाता कामा नये.”

“ऑफ कोर्स,” हिलरी गंभीरपणे म्हणाला. “तू आधीच सांगायला हवं होतंस. हे फार महत्त्वाचं आहे.”

हिलरीने जाणूनबुजून तिचा विश्वासघात केला असं म्हणता येणार नाही, आणि चीड येते ती ह्याचीच. तो लबाड असता तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. त्याने फक्त कंपनीच्या पद्धतीप्रमाणे काम केलं. पद्धत अशी होती, की रिपोर्टमध्ये कुणाबद्दल काही वावगं लिहायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं मागवायचं. न्यायाची गोष्ट आहे, एकतर्फी नको. आणि प्रत्येक विधानापुढे ते कुठून कळलं हेही लिहायचं. हिलरीने छायाचं म्हणणं मोठ्या मनाने मसुद्यात परत घेतलं, तिच्यावर उपकारच केले म्हणायचे. समोर लिहिलं, ‘स्थानिक मच्छीमार, आमच्या इंजिनियर कशफ यांचे बंधू.’ आणि उत्तरासाठी ते पाठवून दिलं. कोणाला? ज्यांनी कुंपण घातलं, त्यांनाच.

छायाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवडाभर ती कशफला रोज गाडीतून आणत होती, नेत होती, आणि रोज सांगायचं ठरवून रोज मीना बाजाराबद्दल बोलत होती.

शेवटच्या मीटिंगला फंडातर्फे हेंड्रिक आला. उंच, मऊ आवाजाचा, पर्यावरण आणि मानवी हक्क ह्यांविषयी दर दोन वाक्यांनी बोलणारा माणूस. चिनी कंपनीतर्फे मिस्टर शू. कडक इस्त्रीचा शर्ट, उत्तम इंग्रजी, प्रत्येक प्रश्नाला शांत उत्तर. गोदामं दुसऱ्या टप्प्यात होतील. रेल्वेचा प्रस्ताव आहे. वीज भविष्याचा विचार करून दिली आहे. छाया दात ओठ खात ऐकत होती. कशफ तिच्या शेजारी बसली होती.

“एक मुद्दा राहिला,” मिस्टर शू म्हणाले. पुढ्यातला कागद वाचून त्यांनी मान वर केली आणि थेट कशफकडे पाहिलं. “गनी तुमचे बंधू ना? फार चांगला माणूस.”

कशफने हातातला फोन टेबलावर पालथा टाकला.

“आम्ही तुमची शंका अतिशय गांभीर्याने घेतली,” शू म्हणाले. “आज सकाळीच त्यांना आमच्या सिक्युरिटी ऑफिसात बोलावलं आहे. चहा घेत आहेत. बंदराच्या हद्दीतल्या हालचालींची माहिती त्यांनी बाहेर दिली असेल, तर तिथल्या कायद्याप्रमाणे आम्हांला प्रकरण पुढे पाठवावं लागेल, आमचा नाइलाज आहे. पण कोणाचा गैरसमज झाला असेल, तर ते संध्याकाळी घरी जातील. एवढं स्पष्ट झालं की झालं.”

हेंड्रिकने कौतुकाने मान डोलावली. तक्रारीची इतकी तत्पर दखल त्याने कुठे पाहिली नसावी.

कशफने हळूच मान वळवून छायाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त हिशोब लावत होती, की ही गोष्ट आपण जगात किती जणांना सांगितली होती. एकीलाच.

छायाला वाटलं, उठावं आणि तो चारशे पानांचा गठ्ठा मिस्टर शूंच्या अंगावर भिरकवावा. हेंड्रिकचे खांदे धरून त्याला गदागदा हलवावं. अरे, ऐकलंस ना? जहाज पाहिलं म्हणून कोळ्याला डांबून ठेवतात, ते व्यापारी बंदर असतं का? आणखी कसला पुरावा हवा तुला? पुरावा तुझ्यासमोर बसून गोड इंग्रजी बोलतोय! हे ओरडून सांगायला तिच्याजवळ आवाज होता, शब्द होते, आकडे होते. आणि त्यातलं एक अक्षर उच्चारलं तरी तिकडे गनी घरी जाणार नव्हता.

“ही नोंद कोणाची?” हेंड्रिकने विचारलं.

“माझी,” छाया म्हणाली.

“तुम्हांला ही माहिती त्या मच्छीमाराकडून मिळाली?”

“नाही.” तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “मला कोणीच काही सांगितलं नाही. कशफनेही नाही. तिला भाऊ आहे एवढं मला माहीत होतं, बाकी मी माझ्या मनाने जोडलं. मी भारतीय आहे. पाकिस्तानात चीन काही बांधतोय म्हटल्यावर माझ्या मनात संशय होता. मी नकाशात तेच शोधत गेले.”

“आणि आता तुमचं मत काय आहे?”

मिस्टर शू तिच्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे तिला कळावं, अशीही त्यांची इच्छा दिसत होती.

“व्यापारी बंदर आहे,” छाया म्हणाली. “दीर्घ मुदतीत वाढीला मोठा वाव आहे.”

हेंड्रिकने टेबलावरून पुढे वाकून तिच्याशी हात मिळवला. स्वतःचा पूर्वग्रह असा चारचौघांत कबूल करायला धैर्य लागतं, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला होता. मिस्टर शू ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून फोन घेऊन बाहेर गेले.

हिलरी छायाच्या खुर्चीपाशी आला. त्याचा चेहरा खुलला होता. तिच्या कानाशी वाकून तो मराठीत म्हणाला, “कमाल केलीस, छाया! आता कशफच्या नावाची गरजच नाही. रिपोर्टवर तुझंच नाव टाकू. इंडियन बाईच म्हणतेय पोर्ट कमर्शियल आहे. आता शंका घ्यायची कोणाची टाप आहे? टाकू ना?”

छाया टेबलावर पालथ्या पडलेल्या कशफच्या फोनकडे बघत राहिली. चहा आला, गार झाला. हेंड्रिक आणि हिलरी डेझर्ट सफारीच्या गप्पा मारू लागले. हिलरीने मध्येच पुन्हा विचारलं, तरी तिची नजर फोनवरच.

फोन वाजला. कशफने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि ती आपल्या भाषेत, बलुचीत, भराभर काहीतरी म्हणाली. छायाला त्यातलं फक्त गनी हे नाव कळलं. कशफने डोळे मिटले आणि मान डोलावली, तो सुटला होता.

मग छाया हिलरीकडे वळली आणि म्हणाली, “टाका.”